आधी गाव सांगा

मला एका जागी बसवत नाही. लहानपणी आई म्हणायची, या पोरीच्या पायाला भिंगरी आहे. आणि अशा बाईने उभा जन्म संगणकापुढे बसून काढला! जळगावात मेहरूणला, तळ्यापासून जवळच माझं घर आहे आणि घराची पुढची खोली म्हणजे माझं ऑफिस. या खोलीत मी लग्नपत्रिका जुळवल्या, केळीच्या खोक्यांवरची लेबलं केली, शाळांचे निकाल छापून दिले आणि हे करता करता प्रोग्रॅम लिहायला शिकले. शिकवायला कोणी नव्हतं. चुकायचं, चिडायचं, तळ्याला एक चक्कर मारून यायचं आणि पुन्हा बसायचं, असा अभ्यासक्रम.

‘कामातले अनुभव लिहा’ असं या अंकासाठी मला सांगितलं गेलं तेव्हा गिऱ्हाइकं डोळ्यांपुढून सरकून गेली. पत्रिकेत स्वतःचं नाव नवरदेवाच्या नावापेक्षा मोठं हवं म्हणून अडून बसलेले मामा आठवले. पण जीव टांगणीला लागणं म्हणजे काय ते मला ज्या कामाने दाखवलं, ते एकच. तेच सांगते.

ज्यांची वाचा गेली आहे अशा माणसांसाठी मी एक ॲप केलं होतं, ‘बोलकी पाटी’ नावाचं. संगणकाच्या पडद्यावर मोठीमोठी चित्रं: पेला, कप, उशी, औषधाची बाटली. चित्रावर टिचकी मारली की संगणक ते वाक्य बोलतो. बोलतो म्हणजे खऱ्या माणसाचा आवाज येतो, आधी भरून ठेवलेला. आणि आवाज आपल्या बोलीतला. पुस्तकी मराठीत ‘मला तहान लागली आहे’ असं आपल्या खेड्यात कोणता आजारी माणूस म्हणतो? तर अहिराणीसाठी अमळनेरच्या एका हौशी नटाचा आवाज घेतला आणि पूर्वेकडच्या बोलीसाठी फैजपूरच्या एका गुरुजींचा. ‘आहे’ला पारोळ्याचा माणूस ‘शे’ म्हणणार, फैजपूरचा ‘हाये’ म्हणणार. मग कोणाला कोणता आवाज द्यायचा? सोपं आहे. ॲप उघडलं की पहिल्याच पडद्यावर प्रश्न: ‘तुमनं गाव कोनतं?’ खाली जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या गावांची यादी. गाव निवडलं की पुढचं दार उघडतं. या पडद्याचा मला फार अभिमान होता. गाव विचारल्याशिवाय आपल्याकडे बोलणं सुरूच होत नाही, मग ॲपचं तरी का व्हावं?

हे सगळं मी मुक्त स्रोताच्या, म्हणजे ओपन सोर्सच्या सामानातून बांधलं. बाहेरच्या वाचकाला एवढंच सांगते की हे गावच्या भंडाऱ्यासारखं असतं. कोणी तांदूळ आणतो, कोणी तूर, कोणी नुसता चुलीशी राबतो. जेवायला कोणीही यावं, फक्त कोणी काय दिलं ते पुकारून सांगायचं. मीही माझ्या ॲपमध्ये कोणाकोणाचं सामान वापरलं ते नावानिशी लिहिलं होतं आणि माझा स्वतःचा शिधाही सगळ्यांसाठी खुला ठेवला होता.

अडचण बांधण्यात नव्हती, पोचवण्यात होती. अनोळखी माणसाचं ॲप संगणकात घालायला गेलं की संगणक दरडावतो: हे कोणाचं आहे ठाऊक नाही, धोका असू शकतो. फैजपूरच्या गुरुजींना मी ॲप पाठवलं तेव्हा पडद्यावर ती सूचना आली, आणि गुरुजींनी सगळ्या वायरी उपटल्या, संगणकाचा डबा चादरीत गुंडाळला आणि एसटीने थेट माझ्याकडे आणला. ‘मले वाटलं फुटते का काय!’ दारात उभे राहून ते म्हणाले. चादरीची गाठ सोडताना मी हसत होते. पुढे माझ्यावर रडायची पाळी येणार आहे याची तेव्हा कल्पना नव्हती.

आता आबा. मी धुळ्यात कॉलेजला होते तेव्हा अमळनेरला घरी जायला स्टँडवर उभी राहायचे. तिथे गाड्या पुकारणारे म्हणजे आबा. तेव्हा नाव ठाऊक नव्हतं, आवाज ठाऊक होता. ‘अमळनेरकडे जाणारी गाडी फलाटावर लागत आहे’ हे वाक्य ते अशा काही ठसक्यात म्हणायचे, की गाडी आलेली नसली तरी माणूस पिशवी उचलायचा. त्यानंतर किती वर्षांनी, वाचा गेलेल्या रुग्णांना शिकवणाऱ्या धुळ्याच्या एक बाई मला म्हणाल्या, ‘एक पेशंट आहेत, घशाचं ऑपरेशन होऊन स्वरयंत्र काढलंय. पूर्वी स्टँडवर गाड्या पुकारायचे.’ मी त्याच दिवशी एसटी पकडली.

आबांच्या घरात शाळेतली एक पाटी होती. बोलणं गेल्यापासून आबा पाटीवर लिहायचे. हाताला कंप, त्यामुळे अक्षर वाकडंतिकडं यायचं, पण ते लिहायचे. पंचाईत अशी की त्यांच्या बायकोला, अक्कांना, वाचता येत नव्हतं. अक्का पाटी घेऊन शेजारणीकडे जायच्या, वाचून घ्यायच्या आणि परत यायच्या. नवराबायकोचं सगळं बोलणं शेजारणीच्या तोंडून. शेजारीण लग्नाला परगावी गेली तेव्हा आबांनी लिहिलेली एक ओळ ती येईपर्यंत तशीच पाटीवर राहिली. त्या ओळीत काय होतं ते मी विचारलं नाही. घशाला लावायचं यंत्रही आबांनी करून पाहिलं होतं, त्यांना ते जमलं नाही. मोबाईलवरचं बारीक बटण कापऱ्या बोटाखाली सापडायचं नाही. मोठा पडदा आणि मोठी चित्रं, हेच त्यांच्या कामाचं होतं.

मी माझा जुना, बोट लावून चालणाऱ्या पडद्याचा लॅपटॉप टेबलावर मांडला, पहिल्या पडद्यावर आबांचं गाव निवडलं आणि म्हटलं, ‘दाबा आबा.’ आबांनी कपाच्या चित्रावर बोट टेकवलं. अमळनेरच्या नटाचा दणदणीत आवाज घुमला: ‘च्या दे वं!’

अक्कांनी झटकन डोक्यावरून पदर ओढला आणि भिंतीकडे तोंड केलं.

‘ओ ताई, हाऊ कोन मानूस बोली राहिना घरमा?’ त्या पदराआडून म्हणाल्या.

‘अक्का, ते आबाच बोलताहेत. मशीनमधून.’

‘आबा नही शेतस ते. परका मानूस माले ‘वं’ म्हनस, आनि मी त्याले च्या देऊ?’

आबांचे खांदे गदगदा हलत होते. आवाज नसला तरी हसू दिसतं. मी मात्र वैतागले. एवढी मेहनत, आणि बाई तोंड फिरवून बसल्या! पण अक्कांचं काय चुकलं होतं? ‘वं’, म्हणजे ‘अगं’, म्हणायचा हक्क कोणाचा असतो ते त्यांना माझ्यापेक्षा बरं कळत होतं.

तोडगा त्यांनीच काढला. आबांचा धाकटा भाऊ, दगाभाऊ, गावी शेती करतो. मोठा भाऊ असता तर जेठ म्हणून पुन्हा पदर आला असता. पण हा दीर, त्याच्याशी अक्कांचं थट्टामस्करीचं नातं. त्याने ‘वं’ म्हटलं तर चालतं. मी पारोळ्याच्या अलीकडे उतरून आत त्यांच्या खळ्यात गेले. ‘दादाना आवाज आनि मना आवाज एकच शे, ताई,’ दगाभाऊ म्हणाले. ‘लहानपने मायबी फसे.’ खरंच होतं. त्यांनी पहिलं वाक्य म्हटलं आणि मला क्षणभर फलाट दिसला. मागे बैलाच्या गळ्यातली घंटा वाजत होती. ती काढून टाकता आली असती. नाही काढली. तो आवाज मी ॲपमध्ये आबांच्या गावाला जोडून टाकला.

कोणती वाक्यं भरायची यावरून आबांचं आणि माझं वाजलं. मी उपयोगाची धरली होती: पाणी, चहा, औषध, दुखी राहिनं, उकडी राहिनं. आबांनी पाटीवर लिहिलं, ‘कोठे शे वं?’ मी म्हटलं, ‘आबा, दोन खोल्यांचं घर. अक्का जाऊन जाऊन जाणार कुठे? पडद्यावर जागा नाही.’ आबांनी ती ओळ पुसली नाही. नुसतं बोटाने पाटीवर ठकठक करत राहिले. अखेर उशीचं चित्र काढून तिथे मी एका बाईचं चित्र टाकलं आणि दगाभाऊंकडून ते वाक्य भरून आणलं. जागा फुकट घालवली असंच मला वाटत होतं.

अक्कांनी नवा आवाज ऐकला, बैलाची घंटा ऐकली आणि पदर न ओढता चहा ठेवला. शेजारणीच्या फेऱ्या थांबल्या.

हे असंच चाललं असतं. पण माझा तो लॅपटॉप शेवटच्या घटका मोजत होता, आणि सुरतेला नोकरीला असलेल्या त्यांच्या मुलाने, प्रवीणने, ठरवलं की आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की दोघांना सुरतेला न्यायचं. त्याने नवा लॅपटॉपही घेऊन ठेवला होता. मी त्याला फोनवर ॲप कसं घालायचं ते सांगायला लागले, तर तो म्हणाला, ‘ताई, हा बाहेरचं काही घेतच नाही. फक्त स्टोअरमधलं घेतो.’

असे लॅपटॉप मिळतात. कंपनीच्या स्वतःच्या ॲप स्टोअरमधून आलेलीच ॲप घेणारे. ते कुलूप काढता येतं, पण एकदा काढलं की पुन्हा लावता येत नाही. प्रवीण आधी एकदा ऑनलाइन फसला होता, त्याचे बँकेचे व्यवहार त्याच यंत्रावर होणार होते. तो कुलूप काढायला तयार नव्हता आणि मला त्याच्यावर जोर करवेना. म्हणजे आखाजीच्या आत माझं ॲप स्टोअरमध्ये जायला हवं होतं. नाहीतर आबा सुरतेला जाणार पाटी घेऊन. तिथल्या बिल्डिंगमध्ये मराठी वाचणारी शेजारीण अक्का कुठून आणणार होत्या?

स्टोअरमध्ये ॲप ठेवणं म्हणजे काय, तेही सांगते. आधी तुम्ही कोण ते सिद्ध करायचं. मग ॲप त्यांच्या पद्धतीच्या गठ्ठ्यात बांधायचं, त्यावर त्यांनी दिलेलं नाव अक्षर न् अक्षर जुळवायचं. माणसाची कोणती माहिती गोळा करता ते लिहायचं. मी लिहिलं, काहीच नाही. लहानमोठ्या आकारांची चिन्हं द्यायची. मग कुठेतरी बसलेला एक तपासनीस ते उघडून बघतो आणि हो किंवा नाही म्हणतो. तो कोण, कुठला, काही कळत नाही. पडद्यावर फक्त ‘तपासणी चालू आहे’ असं येतं.

ते वाक्य वाचत बसणं हा माझ्या स्वभावाला मिळालेला तुरुंगवास होता. मी पान उघडायचे, बंद करायचे, भांडी घासायचे आणि ओल्या हाताने पुन्हा पान उघडायचे. तळ्याच्या चकरा वाढल्या. रोजच्या फिरणाऱ्या बायका विचारायला लागल्या, घरी सगळं ठीक आहे ना म्हणून. ठीक कसलं? कैऱ्या बाजारात आल्या होत्या, माहेरवाशिणींचे आखाजीचे बेत सुरू झाले होते आणि माझं ॲप परीक्षेला बसलं होतं.

पहिला नकार आला. ॲप सुरू होऊन लगेच बंद पडतं म्हणे. कारण सापडलं. माझं ॲप निवडलेलं गाव स्वतःच्याच फोल्डरमध्ये लिहून ठेवायचं, आणि स्टोअरमधून आलेल्या ॲपला ती परवानगी नसते. भाड्याच्या खोलीत मालक खिळा ठोकू देत नाही, तसंच. लिहायची जागा बदलली, पुन्हा पाठवलं, पुन्हा ‘तपासणी चालू आहे’.

मग दुसरा नकार. ‘पहिल्या पडद्यापुढे जाता आलं नाही, त्यामुळे तपासता आलं नाही.’ एवढंच. माझं डोकं फिरलं. मी ॲप दहादा चालवलं, लख्ख चालत होतं. गाव निवडा, पुढे जा. यात न जमण्यासारखं काय आहे? खिडकीकडे तोंड करून मी त्या तपासनिसाला जे जे बोलले ते छापण्याजोगं नाही. तसंच रागारागात पुन्हा पाठवायला निघाले होते, इतक्यात अक्कांचा शेजारणीच्या फोनवरून फोन आला. लॅपटॉप उघडतच नव्हता. ‘ताई, मशीन मुकं व्हयी गयं.’

मी धुळ्याची एसटी पकडली. पुढच्या बाकावर एक म्हातारी, मांडीवर शेंगांची पिशवी. एरंडोलला तिच्या शेजारी एक तरुण विक्रेता येऊन बसला. म्हातारीने रीतीप्रमाणे विचारलं, ‘कोनतं गाव, भाऊ?’

‘बहुत दूर का हूँ, माजी,’ तो हसून म्हणाला.

‘दूरनं म्हंजे कोनतं?’

त्याने गावाचं नाव सांगितलं. म्हातारीने ते मनातल्या मनात सगळीकडे शोधलं, सोयऱ्यांत, बाजारच्या गावांत, जत्रांच्या गावांत. सापडलं नाही. मग ती म्हणाली, ‘र्‍हाऊ दे. परगावना शे,’ आणि पिशवीत हात घालून मूठभर शेंगा त्याच्या हातावर ठेवल्या.

मी ताडकन उठून उभी राहिले. कंडक्टर म्हणाला, ‘ताई, पारोळा अजून लांब शे.’

तो बिचारा तपासनीस! कुठल्या देशात, कुठल्या गावात बसलेला. मी त्याला गाव विचारलं होतं आणि त्याच्या गावाला जागाच ठेवली नव्हती. चोपडा होतं, साक्री होतं, लहानसहान पाडेसुद्धा होते. त्याने यादी वरून खाली, खालून वर पाहिली असेल, आणि खोटं गाव सांगायची त्याला सवय नसेल. खान्देशाबाहेरचा माणूस माझ्या दारात येऊ शकतो हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्या म्हातारीला ते एका क्षणात उमगलं होतं.

धुळ्याला आबांच्या ओट्यावर बसूनच मी माझ्या कामाच्या लॅपटॉपवर यादीच्या शेवटी एक बटण घातलं: ‘परगाव’. ते दाबलं की साध्या मराठीत बोलायचं. तो आवाज घाईघाईने माझाच भरला. खाली इंग्रजीतही दोन ओळी लिहिल्या, तपासनिसासाठी, आणि ॲप पुन्हा पाठवलं. माझं काम होईपर्यंत आबा शेजारी बसून मेलेल्या लॅपटॉपच्या झाकणाची उघडझाप करत होते. पाटी पुन्हा फळीवरून खाली आली होती. अक्कांनी ती पदराने पुसली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, ‘सुरतमा तरी बोलतीन का ते?’

‘बोलतील,’ मी म्हटलं. माझ्या हातात तेव्हा काहीही नव्हतं.

आखाजीला आमच्याकडे पुरण होतं. मी वाढता वाढता पान उघडून बघत होते. ‘तपासणी चालू आहे.’ आबा-अक्का निघाले तेव्हाही तेच. प्रवीणने गाडीत बसवलं आणि मला फोन केला की पाटी घेतली आहे बरोबर. ‘पाटी घेतली’ म्हणताना त्याच्या आवाजात दोष नव्हता. मला मात्र तो माझ्यावरचा शेरा वाटला. त्या दिवशी तळ्याला किती चकरा झाल्या, मोजल्या नाहीत.

आणि मग एका सकाळी भाजी निवडताना पाहिलं तर ॲप स्टोअरमध्ये होतं. माझं नाव, ‘बोलकी पाटी’, पेल्याचं चित्र. मी मेथीची जुडी तशीच टाकून प्रवीणला फोन लावला. त्याने ॲप उतरवून घेतलं, दरडावणी नाही, सूचना नाही, काही नाही.

‘ताई, गाव विचारतंय.’

‘आबांचं निवड ना.’

‘आबा स्वतः दाबताय. पण ते... ते खाली ‘परगाव’कडे चालले.’

मी काही बोलायच्या आत फोनमधून माझाच आवाज आला, चांगला शुद्ध: ‘नमस्कार. मला पाणी हवं आहे.’ मागून अक्कांचा आवाज: ‘ही कोन बाई शे आते?’

मला हसू फुटलं आणि लगेच ओसरलं. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांना त्यांच्या गावच्या गाडीत बसवलं, तो सुरतेत पहिल्या प्रश्नालाच परगावचा झाला होता.

‘प्रवीण, मागे जा,’ मी म्हटलं. ‘आबांना म्हणावं, कुठेही राहा, गाव बदलत नाही. वर पारोळा तालुका, त्यात तुमचं गाव.’

त्याने ते त्यांना सांगितलं. मग बैलाची घंटा वाजली, आणि दगाभाऊंचा, म्हणजे आबांचा, आवाज: ‘कोठे शे वं?’

‘आठेच शे ना,’ इथेच तर आहे, अशा सुरात अक्का म्हणाल्या. मग फोन त्यांनी घेतला. आभार वगैरे काही नाही. ‘देखा ताई, समोर बठेल शे मी, तरी इचारी राहिनात.’

पुन्हा घंटा. ‘कोठे शे वं?’

‘आठेच शे.’

पुन्हा घंटा. अक्का मला विसरल्या. फोन त्यांच्या हातात तसाच चालू होता, आणि मी मेथीच्या ढिगाऱ्यापुढे खुर्चीत बसून ऐकत होते. उठावंसं वाटलं नाही.

‘कोठे शे वं?’

‘आठेच शे मी. आठेच.’